फिरते संगणक-मेज : मापे माणसांची, उंबरठ्यांची आणि भारांची

शासकीय कार्यालयांत टंकलेखन यंत्रांचा खडखडाट चालू होता त्या काळी टंकलेखकाचे मेज इतर लिपिकांच्या मेजापेक्षा दोन ते तीन इंचांनी ठेंगणे असे. हा काही मानापमानाचा प्रश्न नव्हता. लिहिताना कागद मेजाच्या पृष्ठभागावर असतो. टंकलेखन करताना मात्र बोटे यंत्राच्या कळांवर, म्हणजे पृष्ठभागापासून बरीच वर असतात. यंत्राने वाढविलेली उंची मेजाने कमी करावी, म्हणजे टंकलेखकाचे खांदे दिवसभर वर उचललेले राहत नाहीत, एवढा साधा विचार त्यामागे होता. पुढे यंत्रे गेली, त्यांच्याबरोबर ती ठेंगणी मेजेही भंगारात गेली आणि त्यांच्या जागी आलेला संगणक सरळ लिपिकाच्या लेखन-मेजावर जाऊन बसला. जे ज्ञान कार्यालयांच्या अंगवळणी पडलेले होते, ते एका यंत्राच्या निरोपाबरोबर विसरले गेले.

या विस्मृतीची किंमत लहान नाही. राज्यातील ग्रामपंचायतींत २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे आणि त्यानंतर ‘आपले सरकार सेवा केंद्रां’द्वारे संगणकीकृत सेवा देण्यास प्रारंभ झाला. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अशा सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. २०२० साली ‘ई-ग्रामस्वराज’ हे संकेतस्थळ सुरू झाल्यावर पंचायतीचा आराखडा व हिशेब यांची नोंदही संगणकावर होऊ लागली. हे सारे काम करणारा संगणक परिचालक कोणत्या उंचीवर बसतो, त्याच्यासमोर दाखला मागण्यासाठी आलेली वृद्ध स्त्री ओट्याच्या चार पायऱ्या चढू शकते की नाही, आणि शाळेतील एकुलता एक संगणक मुख्याध्यापकांच्या खोलीतून पाचवीच्या वर्गात कधी जातो काय, हे प्रश्न मात्र कोणत्याही संकेतस्थळावर सुटणारे नाहीत. ते लाकूड, लोखंड आणि चाके यांच्या साहाय्यानेच सोडवावे लागतात. उंची कमी-अधिक करता येणारे, साहित्य ठेवण्यास कुलूपबंद कप्पे असलेले आणि चाकांवर फिरणारे संगणक-मेज हा त्यावरील एक उपाय होय. गावातील वेल्डिंगच्या दुकानात ते तयार होऊ शकते. परंतु मापे चुकली तर तेच मेज निरुपयोगी, प्रसंगी धोकादायकही ठरते.

रुग्णालयातून आलेली कल्पना

संगणक माणसाकडे न्यावा, माणसाला संगणकाकडे आणू नये, ही निकड प्रथम तीव्रतेने जाणवली ती रुग्णालयांना. रुग्णाची नोंद कागदाऐवजी संगणकावर होऊ लागली, तेव्हा परिचारिकेला खाटेजवळ पाहिलेली माहिती लक्षात ठेवून दालनाच्या टोकाला असलेल्या संगणकापर्यंत जावे लागे. वाटेत एखादा आकडा विसरणे किंवा एकाची नोंद दुसऱ्याच्या नावे होणे या शक्यता उघडच होत्या. त्यातून औषधांचे खण, विद्युतघट आणि संगणक एकाच खांबावर बसविलेल्या गाड्या निर्माण झाल्या. अमेरिकेत त्यांना ‘कॉम्प्युटर ऑन व्हील्स’ असे नाव मिळाले. पण त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘काऊ’ म्हणजे गाय असा होत असल्याने आजारी माणसासमोर तो शब्द बरा दिसेना, आणि अनेक रुग्णालयांनी नाव बदलून ‘वर्कस्टेशन ऑन व्हील्स’ असे केले. नावाची ही गंमत सोडली, तर त्या गाड्यांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पाळ्या बदलतात तशा परिचारिका बदलतात, त्यांची उंची भिन्न असते, म्हणून उंची बदलण्याची सोय तेथे चैनीची नसून गरजेची मानली गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर पहिलीपासून सातवीपर्यंतची मुले आणि त्यांचे शिक्षक एकाच मेजापाशी येणार असतात.

तथापि रुग्णालयातील गाडी जशीच्या तशी खेड्यात आणता येणार नाही. रुग्णालयाची फरशी सपाट असते, दारांना उंबरठे नसतात, वीज सहसा अखंड असते. आपल्या शाळांच्या व्हरांड्यात शहाबादी फरशीच्या सांध्यांत बोटभर खाचा असतात. ही तफावत विसरून केवळ चित्रावरून नमुना उचलला, तर पहिल्याच उंबरठ्यावर त्याची परीक्षा होते.

उंची कोणाच्या मापाने ठरवावी

बाजारातील लेखन-मेजाची उंची साधारणपणे ७५ सेंटीमीटर असते. कळफलकावर काम करताना मात्र दंड सैल सोडून कोपर काटकोनात वाकवले असता हात ज्या पातळीवर येतो, तीच कळफलकाची योग्य पातळी होय. ही पातळी मोजण्यास उपकरण लागत नाही. व्यक्तीला पाय जमिनीवर टेकतील अशा आसनावर बसवावे, कोपर वाकविण्यास सांगावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर शिंप्याच्या फितीने घ्यावे. उभ्याने काम करावयाचे असेल, तर तेच माप उभे राहून घ्यावे. उभ्या माणसाच्या कोपराची उंची त्याच्या एकूण उंचीच्या सुमारे ६३ टक्के असते, हे ढोबळ प्रमाण ध्यानात ठेवल्यास अंदाज लवकर येतो. भारतीय शरीरमापांचा विस्तृत अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. देबकुमार चक्रवर्ती यांनी सिद्ध केलेला हा ग्रंथ कार्यालयीन वस्तूंची मापे ठरविणाऱ्यांनी जवळ ठेवावा असा आहे. परदेशी मापांवरून केलेली मेजे आपल्याकडे उंच का वाटतात, याचा उलगडा त्यातील कोष्टकांवरून होतो.

आता प्रमाणाचा हिशेब एका शाळेपुरता करून पाहू. पहिलीतील मुलीची उंची ११५ सेंटीमीटर धरली तर उभ्याने तिचे कोपर ७२ सेंटीमीटरवर येते. सातवीतील १५० सेंटीमीटर उंचीच्या मुलाचे ९५ वर, आणि १७० सेंटीमीटर उंचीच्या शिक्षकाचे १०७ वर. याच तिघांना आपापल्या मापाच्या आसनांवर बसविले, तर कोपरे अनुक्रमे ४४, ५७ आणि ६५ सेंटीमीटरच्या आसपास येतात. बसलेल्या मुलीपासून उभ्या शिक्षकापर्यंतचे हे अंतर ६३ सेंटीमीटर भरते, आणि एकाच खांबावर एवढी चढउतार साधणारे मेज बनविणे खर्चिक व डळमळीत होते. येथे निवड करावी लागते. शाळेत मुले फिरत्या मेजापाशी आळीपाळीने थोडा वेळ येतात, तासन्‌तास बसत नाहीत. म्हणून ती उभी राहून काम करतील असे धरावे. मग मेजाचा पृष्ठभाग ७० ते १०५ सेंटीमीटर यांदरम्यान वरखाली झाला की पुरे. ही ३५ सेंटीमीटरची चढउतार गावातील कारागिराच्या आवाक्यातील आहे. ग्रामपंचायतीत परिचालक दिवसभर बसून काम करीत असल्याने पृष्ठभागाखाली ८ सेंटीमीटरवर कळफलकाचा सरकता फळा बसवावा. पृष्ठभाग ७० वर असता कळफलक ६२ वर येतो आणि बहुतेकांचे खांदे सैल राहतात. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी मात्र हा फळा आत सरकविता वा काढता आला पाहिजे, अन्यथा गुडघे अडतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्क अधिनियमानंतर ही बाब केवळ सौजन्याची राहिलेली नाही.

पडद्याचा विचार वेगळा करावा लागतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली आणि पडदा साधारणपणे हातभर अंतरावर असावा. परंतु कोपर आणि डोळे यांतील अंतर सर्वांचे सारखे नसते. वर घेतलेल्या पहिलीतील मुलीचे ते सुमारे ३५, तर शिक्षकाचे ५२ सेंटीमीटर भरेल. म्हणजे मेज योग्य उंचीवर आणूनही पडदा स्वतंत्रपणे १५ ते १७ सेंटीमीटर वरखाली झाला पाहिजे. बहुतेक सपाट पडद्यांच्या पाठीवर चार छिद्रांचा चौकोन असतो, बहुधा १०० किंवा ७५ मिलिमीटर बाजूचा. त्या मापाची लोखंडी पट्टी एका लहान खांबावर सरकती बसविली की काम भागते. मांडीवरच्या संगणकात, म्हणजे लॅपटॉपमध्ये, पडदा व कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने दोन्ही एकाच वेळी योग्य उंचीवर कधीच येत नाहीत. असा संगणक दिवसभर वापरावयाचा असेल, तर तो उंच ठेवून स्वतंत्र कळफलक जोडणे हाच मार्ग.

चढउतार साधण्याच्या रीती

सर्वांत स्वस्त रीत म्हणजे एका चौकोनी पाइपात दुसरा पाइप, दोघांना ओळीने छिद्रे आणि आरपार जाणारी खिटी. वेल्डिंगवाल्याला ती सहज जमते आणि दिसावयास भक्कमही असते. तिच्यातील दोष वापरल्यावर कळतो. खिटी उपसताच वरचा सगळा भार मोकळा होतो. दहा-बारा किलोचा पृष्ठभाग व पडदा एकदम खाली येऊन दोन पाइपांमध्ये बोट सापडण्याचा संभव असतो, आणि शाळेत ते बोट मुलाचे असण्याची शक्यता अधिक. ही रीत पत्करावयाचीच असेल तर आतल्या पाइपाखाली पुरेशा जोराची स्प्रिंग असावी आणि उंची बदलण्याचे काम दोन मोठ्या माणसांनी करावे. वर काढलेल्या स्थितीतही आतला पाइप बाहेरच्या पाइपात किमान १५ सेंटीमीटर राहील अशी अडथळ्याची खीळ हवी. नाहीतर खांब लचकतो आणि टंकन करताना पडदा हलत राहतो.

दुसरी रीत आट्यांच्या दांड्याची. विज्ञान प्रयोगशाळेतील फिरवून उंच होणारे लोखंडी स्टूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. हँडल फिरवावे, मेज हळूहळू चढते. हात सोडला तरी खाली येत नाही. मुलांच्या सहवासात हीच रीत सर्वांत सुरक्षित. तिची एकच अडचण म्हणजे वेळ. आट्यांमधील अंतर ५ मिलिमीटर असेल, तर ३५ सेंटीमीटर चढण्यास ७० फेरे लागतात. दिवसातून एकदोनदा उंची बदलणाऱ्या ग्रामपंचायतीस हे चालते. प्रत्येक तासाला वर्ग बदलणाऱ्या शाळेत चौथ्या दिवशी हँडलला कोणी हात लावत नाही व मेज एकाच उंचीवर कायमचे स्थिरावते. मग उंची बदलण्याच्या सोयीवर केलेला खर्च वाया गेला असेच म्हणावे लागेल.

शाळेसाठी प्रतिभाराची रीत अधिक सोयीची आहे. पृष्ठभाग व पडदा यांच्या वजनाइतकेच वजन तारेने कप्पीवरून खांबाच्या आत सोडावे. उद्वाहनात, म्हणजे लिफ्टमध्ये, आणि नकाशे काढण्याच्या मोठ्या फलकांत हेच तत्त्व वापरले जाते. एका हाताने मेज वर जाते, त्याच हाताने खाली येते, आणि शेवटी एक खिटी लावली की झाले. शिवाय मेज उंचावते तेव्हा प्रतिभार खाली जातो, त्यामुळे ज्या स्थितीत मेज कलंडण्याचा धोका सर्वाधिक, त्याच स्थितीत त्याला खालून आधार मिळतो. तार वर्षातून एकदा तपासावी आणि ती पूर्णपणे खांबाच्या आत झाकलेली असावी, एवढे पथ्य पाळावे लागते.

कार्यालयीन खुर्च्यांत असते ती वायूची नळी, म्हणजे गॅस स्प्रिंग, वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ती उत्तम असली तरी तिचा जोर भाराशी जुळलेला असावा लागतो. दुरुस्तीसाठी पडदा काढला आणि कोणी कळ दाबली, तर हलके झालेले मेज झटक्याने वर उसळते. तिच्या आत मोठ्या दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. म्हणून तिला छिद्र पाडणे, कापणे किंवा तिच्याजवळ वेल्डिंग करणे जिवावर बेतू शकते. जुन्या खुर्चीतील नळी काढून मेजाला जोडून देण्याची कारागिराची तयारी असली तरी तसे करू देऊ नये. विजेवर चढणारे खांबही मिळतात. पण भारनियमनाच्या वेळी ज्या उंचीवर वीज गेली त्याच उंचीवर मेज थांबते, हे लक्षात घेतले पाहिजे.

उंबरठ्याचे गणित

फिरत्या मेजाला सर्वांत मोठा अडथळा उंबरठ्याचा, आणि चाकांची निवड करताना त्याचाच विचार सर्वांत कमी होतो. बाजारातील तयार संगणक-मेजांना बहुधा ५० मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची चाके असतात. साहित्यासह ४५ किलो वजनाचे एक मेज घेऊ. त्यापैकी निम्मा भार पुढच्या दोन चाकांवर आहे असे धरू. समोर केवळ दीड सेंटीमीटर उंचीची पट्टी आहे. ५० मिलिमीटरचे चाक त्या पट्टीवर चढविण्यास आसाच्या पातळीवर सुमारे ५१ किलो वजनाइतका रेटा लागतो, म्हणजे मेजाच्या संपूर्ण वजनाहून अधिक. चाकाचा व्यास १२५ मिलिमीटर केला तर तोच रेटा १९ किलोवर येतो. चाक मोठे असणे ही शोभेची बाब नाही, हे यावरून कळावे.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. मेज ढकलणारा माणूस आसाच्या पातळीवर नव्हे, तर पृष्ठभागाच्या उंचीवर रेटा देतो. चाक अडलेले असताना वरून दिलेला रेटा मेजाला पुढे नेण्याऐवजी कलंडवू पाहतो. पायाची रुंदी चाकापासून चाकापर्यंत ६० सेंटीमीटर असेल आणि रेटा १०० सेंटीमीटर उंचीवर दिला, तर साडेतेरा किलोच्या रेट्याने मेज उलटण्याच्या बेतास येते. मोठे चाक चढण्यास १९ किलो हवेत, म्हणजे चढण्यापूर्वीच ते उलटणार. पाया ४० सेंटीमीटरचा असेल तर ९ किलो पुरतात. एवढा रेटा तर सहावीतील दोन मुले सहज देतात. पृष्ठभाग ७० सेंटीमीटरवर उतरवून ढकलले, तर ६० सेंटीमीटर पायाच्या मेजाची कलंडण्याची मर्यादा १९ किलोच्या थोडी वर जाते. परंतु रेट्याबरोबर भार पुढच्या चाकांवर सरकत असल्याने प्रत्यक्ष गणित याहूनही प्रतिकूल असते. तेव्हा मेज हलविण्यापूर्वी पृष्ठभाग पूर्ण खाली घ्यावा हा नियम तर करावाच, पण उंबरठा ओलांडण्याचे काम चाकांवर सोपवू नये. दाराच्या दोन्ही बाजूंना लाकडी उतार करावेत. एकास बारा या प्रमाणाने दीड सेंटीमीटरच्या पट्टीला १८ सेंटीमीटर लांबीचा उतार पुरतो, आणि मग चढण्यास साधारण चारपाच किलोचा रेटा लागतो. जुन्या इमारतीतील पाच सेंटीमीटरच्या लाकडी उंबरठ्याला ६० सेंटीमीटरची फळी लागेल. सुतार हे काम एका दिवसात करतो. ज्या उतारावरून मेज जाते त्यावरून चाकाची खुर्चीही जाते, हा त्यातील अधिकचा लाभ.

चाकांपैकी निदान दोघांना पायाने लागणारी रोधनी, म्हणजे ब्रेक, असावी आणि धाव रबराची असावी. खांबाचे मेज चार पायांऐवजी पाच पायांच्या ताऱ्यावर बसविणे अधिक चांगले. कार्यालयीन खुर्च्यांना पाच पाय असतात त्याचे कारण हेच. पायांची लांबी तीच ठेवली तरी चौकोनात मध्यापासून कडेचे अंतर पायाच्या लांबीच्या ७१ टक्के असते, पंचकोनात ते ८१ टक्के होते. चाकांवरील वैद्यकीय विद्युत उपकरण हलविण्याच्या स्थितीत १० अंशांच्या उतारावर कलंडता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. तीच कसोटी या मेजाला लावण्यास हरकत नाही.

कप्पे, वीज आणि पावसाळा

जड वस्तू खाली, हलक्या वर, हा संसारातील नियम येथेही लागू पडतो. यूपीएस सर्वांत तळाला, त्यावर संगणकाची पेटी, त्यावर कागद व वह्या. मुद्रक, म्हणजे प्रिंटर, पृष्ठभागावर ठेवण्याची सवय सोडून तो मधल्या सरकत्या फळीवर बसवावा. खण एका वेळी एकच उघडेल अशी अटकण असावी; तीनही खण पुढे ओढले गेले तर भार एका बाजूस जातो. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र ठेवण्यासाठी बाजूला लहान खण असावा व त्याची तार दीड मीटर बाहेर येईल एवढी असावी. ‘जीवन प्रमाण’ ही निवृत्तिवेतनधारकांसाठीची हयातीच्या दाखल्याची संगणकीय सोय २०१४ साली सुरू झाली. परंतु खुर्चीवरून उठू न शकणाऱ्या वृद्धाच्या बोटापर्यंत ते यंत्र पोहोचत नसेल, तर सोय नुसती नावाची उरते.

कुलूपबंद कप्प्यात संगणक तापतो. कप्प्याच्या तळाशी व माथ्याशी हवेसाठी झरोके ठेवावेत आणि त्यांवर बारीक जाळी मारावी. जाळी का, हे खेड्यातील कोणत्याही शिक्षकास सांगावयास नको. पाली व उंदीर यांना संगणकाची उबदार पेटी फार मानवते. फिरत्या तबकडीची जुनी साठवण असलेला संगणक चालू स्थितीत हलवू नये, कारण धक्क्याने तबकडी खराब होऊ शकते. अलीकडच्या एसएसडी साठवणीत हलता भाग नसतो, म्हणून फिरत्या मेजासाठी तीच निवडावी.

मेजातून बाहेर येणारी विजेची तार एकच असावी, तीन पिनांची, भूजोड असलेली. आतील सर्व उपकरणे मेजातच बसविलेल्या फळीवरील खटक्यांना जोडावीत, म्हणजे हलविताना एकच पिन काढावी लागते. त्या तारेवर ताण आल्यास तो जोडावर न येता मेजाच्या चौकटीवर यावा अशी पकड हवी आणि गुंडाळून अडकविण्यास मोठा हूक हवा. यूपीएसमधील बंद विद्युतघट चालतो; पाणी घालावे लागणारा इन्व्हर्टरचा घट मात्र या कप्प्यात कदापि ठेवू नये. भारित होताना तो हायड्रोजन वायू सोडतो आणि बंद जागेत साचलेल्या त्या वायूला एक ठिणगी पुरते. शिवाय अशा मोठ्या घटाचे वजन पन्नास किलोच्या घरात जाते.

कोकण व गोमंतकाच्या पावसाळ्यात भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची कड पाणी शोषून फुगते व स्क्रू निसटतात. तेथे ओलावा सोसणारे प्लायवूड वापरावे. भारतीय मानक ३०३ मध्ये पाण्यात टिकणारी प्रत आहे, आणि त्याहून टिकाऊ हवे असल्यास ७१० क्रमांकाचे. चौकोनी पाइपांची उघडी टोके टोपणांनी बंद करावीत, कारण गंज बाहेरून दिसण्यापूर्वी आतून पोखरत असतो.

मागणीपत्र आणि मेज ताब्यात घेणे

एवढे सर्व कारागिराला ठाऊक असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि ते सांगण्याची जागा म्हणजे मागणीपत्र. ‘संगणक टेबल, १ नग’ एवढीच ओळ लिहिली की दरपत्रके येतात, सर्वांत कमी दर मंजूर होतो आणि ७५ सेंटीमीटर उंचीचे, लहान चाकांचे मेज दारात उभे राहते. त्यात पुरवठादाराचा दोष नाही. मागितले तेच त्याने दिले. मागणीपत्रात पृष्ठभागाची किमान व कमाल उंची, पडद्याची स्वतंत्र चढउतार, चाकांचा व्यास, पायाची रुंदी, चढउताराची रीत, कप्प्यांची मापे व कुलपे, प्लायवूडचा मानक क्रमांक आणि एकूण वजन लिहिले, तर दरपत्रकांची तुलना खरी होते. मापे लिहिण्यापूर्वी इमारतीतील सर्वांत अरुंद दार व सर्वांत उंच उंबरठा मोजावा. पुठ्ठ्याची खोकी एकमेकांवर रचून पृष्ठभागाची उंची आजमावण्यास अर्धा तास लागतो, आणि त्यात निघालेली चूक फुकट दुरुस्त होते.

मेज आल्यावर कागदावर सही करण्यापूर्वी ते वापरून पाहावे. शाळेतील सर्वांत ठेंगण्या विद्यार्थिनीला व सर्वांत उंच शिक्षकाला त्यापाशी उभे करावे; दोघांना मदतीशिवाय कळफलक व पडदा आपापल्या उंचीवर आणता येतो का ते पाहावे, मात्र लहान मुलांच्या वेळी मोठ्याने खांबाजवळ उभे राहावे. सर्व खण भरून, पृष्ठभाग खाली घेऊन, मेज मुख्याध्यापकांच्या खोलीपासून टोकाच्या वर्गापर्यंत व परत न्यावे. ग्रामपंचायतीत ते कार्यालयातून ग्रामसभेच्या जागेपर्यंत न्यावे, म्हणजे वर्षाचा जमाखर्च पडद्यावर सर्वांसमोर दाखविता येईल की नाही हे त्याच दिवशी कळेल. वाटेत जेथे चाक अडेल तेथे खडूने खूण करावी. त्या खुणांवर उतार बसविण्याचा खर्च मेजाच्याच अंदाजपत्रकात धरलेला असावा.